हॅन्सर्डची वेबसाइट, सीबीएसजवळच्या टायपिंगच्या दुकानातून वापरून बघितलेली

माझं नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अ‍ॅफिडेविट, भाडेकरार, नावात बदल ही रोजची कामं, पण सगळ्यात जास्त जीव लावून करते ते माहिती अधिकाराचे अर्ज. जोडपत्र अ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याचा पत्ता, आणि खाली मजकूर. आता आपल्या महाराष्ट्राच्या नियमात एक अट आहे जी बऱ्याच लोकांना माहीतच नसते, अर्ज एकाच विषयाचा हवा आणि १५० शब्दांच्या आत हवा. म्हणजे माणूस तावातावाने पाच पानं लिहून आणतो आणि मला त्याचे १५० शब्द करायचे असतात, तेही असे की समोरच्याला पळवाट मिळायला नको. हे कसं करायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं ते या वेबसाइटने, म्हणून हा रिव्ह्यू.

वेबसाइट म्हणजे ब्रिटिश संसदेचं हॅन्सर्ड. सभागृहात कोण काय बोललं त्याची अधिकृत नोंद. नाव पडलं ते थॉमस हॅन्सर्ड नावाच्या छापखानेवाल्यावरून, आणि १९०९ पासून संसद स्वतःच ती नोंद ठेवते. ऑनलाइन अगदी १८०० च्या सुरुवातीपासूनचं सापडतं. फुकट आहे, लॉगिन नाही, मोबाइल नंबर मागत नाही, ओटीपी नाही. तारखेने शोधा, खासदाराच्या नावाने शोधा, नुसता एखादा शब्द टाकून शोधा. प्रत्येक भाषणाची वेगळी लिंक निघते, मतदान झालं असेल तर बाजूने कोण विरोधात कोण अशी नावनिशी यादी मिळते, आणि मजकूर त्यांच्या लायसन्सप्रमाणे मोकळेपणाने वापरता येतो, म्हणून मी दुकानात प्रिंट काढून लोकांच्या हातात देते तेव्हा मनात धाकधूक नसते.

मला हे दाखवलं माझ्या भाचीने. ती एमपीएससीचा अभ्यास करते, राज्यशास्त्राच्या नोट्स काढायला दुकानात येऊन बसते. तिने आधी बुधवारचा पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा लाइव्ह व्हिडिओ लावला. तिकडे दुपारचे १२ म्हणजे आपल्याकडे थंडीत संध्याकाळचे साडेपाच आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार. कचेऱ्यांतून लोक बाहेर पडायची वेळ, दुकानात गर्दी, आणि एका कोपऱ्यात स्क्रीनवर एका देशाचा पंतप्रधान उभा राहून उत्तरं देतोय. १९६१ पासून आठवड्यातून दोनदा पंधरा पंधरा मिनिटं असायचं, टोनी ब्लेअरने १९९७ मध्ये त्याचा बुधवारचा एकच अर्धा तास केला. पहिला प्रश्न ठरलेला असतो, आज तुमचे कार्यक्रम काय, पंतप्रधान सांगतो सकाळी सहकाऱ्यांबरोबर बैठका झाल्या आणि अजून होतील, आणि मग खरा प्रश्न येतो पुरवणीत, जो त्याला आधी कळवलेला नसतो. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. गोंधळ खूप असतो, बाक वाजवल्यासारखे आवाज, हुर्यो, निम्म्या वेळा उत्तर भलतीकडेच जातं. ते बघून खरं तर मला फार काही विशेष वाटलं नव्हतं.

विशेष वाटलं ते नंतर, जेव्हा तोच प्रकार लेखी वाचला. व्हिडिओत आवाजाच्या जोरावर माणूस सुटून जातो. कागदावर प्रश्न वर आणि उत्तर त्याच्या लगेच खाली, त्यामुळे विचारलं काय आणि सांगितलं काय ते झाकता येत नाही.

भाचीला घटनात्मक सुधारणांवर नोट्स हव्या होत्या म्हणून आम्ही दोघींनी ३ जुलै २००७ चं कामकाज पूर्ण वाचून काढलं. गॉर्डन ब्राउन २७ जूनला पंतप्रधान झाला आणि एका आठवड्याच्या आत सभागृहात उभा राहून म्हणाला की राष्ट्रीय जीवनातल्या बारा क्षेत्रांत पंतप्रधानाने आणि सरकारने आपले अधिकार सोडावेत किंवा कमी करावेत. त्यांच्याकडे आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही ना, बरेचसे अधिकार राजाच्या नावावर आणि वापरतो पंतप्रधान. युद्धात उतरायचं, संसद बरखास्त करायला सांगायचं, परराष्ट्रांशी करार पक्का करायचा, बिशप नेमायचे, न्यायाधीशांच्या नेमणुकीत हात ठेवायचा. हे सगळं स्वतःच्या हातात आल्यावर सात दिवसांत सोडायची भाषा करणारा माणूस मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि मनापासून सांगते अंगावर काटा आला. डेव्हिड कॅमेरून तेव्हा विरोधी पक्षनेता. त्याने लोकांच्या विश्वासाचा विषय काढून युरोपियन युनियनच्या नव्या करारावर सार्वमत घेणार की नाही म्हणून धरलं. स्कॉटलंडच्या खासदारांनी फक्त इंग्लंडपुरत्या कायद्यांवर मत द्यावं का हाही जुना काटा होताच, आणि ब्राउन स्वतः स्कॉटलंडमधून निवडून आलेला. यावर त्याचं उत्तर काय आणि त्यात सरळ हो किंवा नाही किती, हे प्रिंटवर पेन्सिलने खुणा करत बसलो आम्ही. त्या दिवशी दुकान बंद करायला साडेनऊ वाजले.

आणि या सेवेची खरी किंमत इथून पुढे कळते, कारण नोंद तिथे थांबत नाही. २००७ ला बोललेल्या शब्दाचं पुढे काय झालं ते त्याच जागी शोधता येतं. कराराचा मुद्दा धरला आणि पुढे पुढे गेलो तर २०१० च्या घटनात्मक सुधारणा आणि शासन कायद्यात सापडला, करार आता संसदेपुढे २१ कामकाजाचे दिवस ठेवावा लागतो आणि खासदार त्याला अडवू शकतात. सनदी सेवेचे नियमही त्यात कायद्यात आले. म्हणजे ही दोन वचनं पाळली. युद्धाचा मुद्दा धरला तर वेगळीच गोष्ट. त्याचा कायदा झालाच नाही, नुसती प्रथा राहिली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियावर लष्करी कारवाई करावी का या प्रश्नावर तोवर पंतप्रधान झालेला कॅमेरून सभागृहापुढे गेला आणि २८५ विरुद्ध २७२ ने हरला, कारवाई केली नाही. आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी मतदान न घेताच सीरियावर हल्ल्यांना परवानगी दिली, नंतर येऊन सभागृहात उत्तरं दिली. प्रथा ती प्रथा, कायदा तो कायदा, हा फरक क्लासच्या नोट्समध्ये एका ओळीत असतो, इथे तो तारखांसकट डोळ्यांपुढे येतो. संसद बरखास्तीचं तर अजून वेगळं, २०११ ला कायदा करून पंतप्रधानाच्या हातून काढून घेतलं आणि २०२२ ला तो कायदाच रद्द करून परत दिलं.

आता माझ्या धंद्याला सगळ्यात जवळचा भाग. २००९ चं खासदारांच्या खर्चाचं प्रकरण. तिकडे माहिती अधिकाराचा कायदा २००० चा, लागू झाला १ जानेवारी २००५ ला. आपला देशाचा कायदा त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला लागू झाला, आणि त्याच्याही आधी महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता, अण्णा हजारेंच्या उपोषणांमुळे. हे मी ग्राहकांना नेहमी सांगते, आपण यात कोणाच्या मागे नव्हतो. तर तिकडे हेदर ब्रुक नावाच्या पत्रकार बाईने खासदारांच्या भत्त्यांची माहिती मागितली, संसदेनेच दिली नाही, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि मे २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं द्यावी लागेल. पुढच्या वर्षी मे महिन्यात डेली टेलिग्राफने सगळंच छापायला घेतलं. एका खासदाराने तळ्यातल्या बदकांच्या घराचा खर्च मागितला होता. सभापती मायकल मार्टिन यांना जावं लागलं. आणि मग १० जून २००९ ला ब्राउन परत सभागृहात उभा, खासदारांच्या खर्चावर स्वतंत्र संस्था नेमू, सरकारी कागद ३० वर्षं बंद ठेवायचा नियम २० वर्षांवर आणू, सरकारी आकडेवारी वेबवर खुली करायला वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची मदत घेऊ. एका बाईच्या अर्जापासून सुरू झालेली गोष्ट पंतप्रधानाच्या निवेदनापर्यंत आली. माझ्या दुकानात कोणी "एवढ्याशा अर्जाने काय होणार ताई" असं म्हणालं की मी हीच प्रिंट पुढे सरकवते.

पण लगेच पाच दिवस पुढे जा. १५ जून २००९. तोच पंतप्रधान, तेच सभागृह, आणि इराक युद्धाच्या चौकशीची घोषणा. चौकशी बंद दाराआड होईल म्हणाला. दहा तारखेला उघडेपणावर एवढं बोललेला माणूस पंधरा तारखेला असं म्हणतो. सभागृहात आणि बाहेर इतकी टीका झाली की ते फिरवावं लागलं, चौकशीचे प्रमुख सर जॉन चिलकॉट यांनी सुनावण्या उघड घेतल्या, नोव्हेंबर २००९ पासून, आणि मार्च २०१० मध्ये खुद्द ब्राउनला तिथे सगळ्यांसमोर येऊन साक्ष द्यावी लागली. अहवाल यायला मात्र जुलै २०१६ उजाडलं. ही दोन्ही निवेदनं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. वर्तमानपत्रात दोन वेगळ्या दिवशी वाचली असती तर हा जोड माझ्या लक्षात आलाच नसता.

मी टायपिंगवाली बाई, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. हॅन्सर्ड शब्दाला शब्द नाही. अडखळणं, पुन्हा पुन्हा तेच म्हणणं, उघड चुका हे काढून नीट केलेलं असतं, अर्थ बदलू न देता. जबानी टाइप करताना असं केलेलं मला चालणार नाही, पण सभागृहाच्या नोंदीसाठी मला ते पटलं, वाचायला सोपं जातं. आवाजातला चढउतार हवा असेल तर व्हिडिओ बघायचा. आणि सगळं इंग्रजीत आहे, तेही संसदेचं इंग्रजी, जिथे समोरच्याला सन्माननीय मित्र म्हणत म्हणत सोलून काढतात. सुरुवातीला भाची नसती तर मी पहिल्याच पानावर सोडून दिलं असतं. हळूहळू सवय होते, रोज दोन पानं वाचली तरी पुरे.

आपल्याकडचं सांगायचं तर लोकसभेतही सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो, दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांना तोंडी उत्तर आणि त्यावर पुरवणी प्रश्न, बाकीच्या अतारांकितांना लेखी उत्तर. हेही संसदेच्या साइटवर मिळतं, आणि ते वाचायची सवय आपण लावून घेतली पाहिजे असं मला फार वाटतं. पंतप्रधानांसाठी राखून ठेवलेला तिकडच्यासारखा आठवड्याचा अर्धा तास मात्र आपल्याकडे नाही, तो असायला हवा, कुठल्याही पक्षाचे पंतप्रधान असोत. प्रश्नाची ताकद आपल्या संसदेला नवी नाही. १९५७ मध्ये फिरोज गांधींनी एलआयसीचे पैसे हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांत कसे गेले ते विचारलं, स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला, स्वतःच्या सासऱ्यांच्या सरकारला, आणि छागला आयोग बसून अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

आणि नाशिककरांनी तर अजून एक प्रश्न आपला मानायला हवा. यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये आपल्या नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे आपण सगळे ऐकत मोठे झालो. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केली, आणि १९६३ च्याच सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केलं, पण अहवाल काही सभागृहापुढे ठेवला नाही, सुरक्षेचं कारण दिलं. तेव्हा ते कारण खरं असेल, शत्रू दाराशी होता. पण पुढे पत्रकार कुलदीप नय्यर यांनी तो माहिती अधिकारात मागितला तरी मिळाला नाही, आणि २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनींनी संसदेत सांगितलं की मजकूर फार संवेदनशील आहे आणि आजही लष्करी दृष्टीने महत्त्वाचा आहे. नाशिकच्या खासदाराने ज्यावर निवेदन केलं तो कागद सरकारने अजून उघड केलेला नाही. तिकडे ३० वर्षंसुद्धा जास्त होतात म्हणून २० केली, तीही कायद्यात लिहून. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं नाही सांगत.

तर याचा दुकानात उपयोग काय झाला ते सांगते, नाहीतर म्हणाल वाचनाचा छंद आहे बाईंना.

पंधरा बुधवार बघितल्यावर आणि त्याची नोंद वाचल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. खासदाराने "का" किंवा "सरकार याबाबत काय करत आहे" असं विचारलं की पंतप्रधान दोन मिनिटं छान बोलतो आणि बसतो, हातात काहीच येत नाही. पण "कोणत्या तारखेला", "किती", "कोणी सही केली", "तो कागद देणार का, हो की नाही" असं विचारलं की उत्तर एक तर येतं नाहीतर येत नाही, आणि आलं नाही हे सगळ्यांना दिसतं. टाळलेलं उत्तरसुद्धा नोंदीत राहतं.

त्याच सुमाराला एक काका आले, वय सत्तरच्या पुढे, नाशिकरोडहून बसने आलेले, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाइल. त्यांच्या कॉलनीत गटारीचं काम झालं, अर्धंच झालं, पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि त्यांनी एका कार्यालयात अर्ज दिला होता. अर्जात मुख्य प्रश्न, "सदर काम निकृष्ट व अर्धवट का केले याचा खुलासा करावा." उत्तर आलं होतं चार ओळींचं, प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. काका म्हणाले, "बघ ना बेटा, मी विचारतो काय आणि हे सांगतायत काय." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, राग नव्हता, थकवा होता.

मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि आम्ही तोच अर्ज परत लिहिला. "का" काढून टाकला. कार्यारंभ आदेशाची प्रत. अंदाजपत्रकात गटारीची लांबी किती मीटर धरली आहे त्या पानाची प्रत. मोजमाप पुस्तिकेतल्या संबंधित पानांची प्रत. अंतिम देयकाची तारीख आणि रक्कम. एवढंच, विषय एक, शब्द मोजले तर ९४ भरले. काकांना पटेना सुरुवातीला, म्हणे यात माझी तक्रार कुठंय. मी म्हटलं काका, तक्रार कागद आल्यावर आपोआप दिसेल.

सत्ताविसाव्या दिवशी पत्र आलं, १४ पानं, २ रुपये पानाप्रमाणे २८ रुपये भरून घेऊन जा. काका ती पानं घेऊन थेट माझ्याकडे आले. मोजमाप पुस्तिकेचं पान मी काउंटरवर पसरलं, त्यांनी खिशातून स्वतः टेपने मोजलेला आकडा लिहिलेला कागद काढला आणि शेजारी ठेवला. पुस्तिकेत १२० मीटर. काकांच्या कागदावर ६८. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, झेरॉक्स मशीन तेवढं चालू होतं.

ज्यांना वापरून बघायचंय त्यांनी सुरुवात माझ्यासारखी करा. आधी २००७ चं ३ जुलैचं कामकाज, मग २००९ चं १० जून आणि १५ जून लागोपाठ. सर्चमध्ये नुसतं नाव टाकलं तर ढीगभर निकाल येतात, म्हणून तारीख आधी लावा, नाव मग. सभागृह दोन आहेत, कॉमन्स निवडा, पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं तिथेच असतात. मोबाइलवर वाचण्यापेक्षा प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसा, प्रश्नाखाली एक रेघ, आणि उत्तरात जिथे खरोखर उत्तर आहे त्याखाली दोन रेघा. काही पानांवर दोन रेघा एकदाही ओढाव्या लागणार नाहीत. एमपीएससी यूपीएससीची मुलं, नगरसेवक व्हायची इच्छा असलेले कार्यकर्ते, सोसायटीचे सेक्रेटरी, पत्रकारिता शिकणारे, सगळ्यांनी करावं असं मला वाटतं. पाच पैकी पाच स्टार देते. मराठी नाही म्हणून अर्धा कापणार होते, पण ते काम त्यांचं नाही, आपलं आहे. भाचीने आणि मी १० जूनच्या निवेदनाचा मराठी सारांश करायला घेतलाय, दोन पानं झालीत, दुकानात काउंटरच्या डाव्या बाजूला ठेवलीत, कोणीही आलं तरी वाचायला मिळतील.

काकांना देयकाच्या पानावरची सही नीट वाचता येत नाहीये, प्रत फिकट आलीय. त्यासाठी प्रथम अपील टाकतोय, २० रुपयांचा स्टॅम्प लावून ठेवलाय, सोमवारी सकाळी देणार.